अ‍ॅक्सेसच्या एमडीबी फाइलमधल्या टेबलांची यादी क्वेरीनं काढता येते का? इम्पोर्ट अडकलंय

भोगावतीकाठ
नमस्कार मंडळी. पप्पा गावच्या दूध संस्थेत सचिव आहेत, गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. संस्थेचं सॉफ्टवेअर लई जुनं आहे, व्हीबी सिक्समध्ये केलेलं, ज्यांनी करून दिलं त्यांनी तो धंदा बंद करून पण बरीच वर्षं झाली, त्यामुळं विचारायला कोणी नाही. डेटा सगळा अ‍ॅक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये आहे. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दिवाळीचं फरक बिल (सभासदांना वर्षाच्या दुधाचा राहिलेला दरफरक देतात ते) निघायच्या आत हे सगळं पोस्टग्रेस ह्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये आणून पायथॉनमध्ये नवीन प्रोग्राम उभा करायचा असं ठरवलंय, पप्पांनी कमिटीला तसं सांगितलं पण आहे, त्यामुळं मागं फिरता येत नाही.

अडचण पहिल्याच पायरीला आहे. फाइलमध्ये टेबलं किती, त्यांची नावं काय, हेच मला माहीत नाही. लॅपटॉपवर अ‍ॅक्सेस नाही, फक्त ते फुकटातलं अ‍ॅक्सेस डेटाबेस इंजिन टाकलंय आणि पायओडीबीसी ह्या पायथॉनच्या लायब्ररीनं कनेक्ट होतंय. मायएसक्यूएलला शो टेबल्स म्हटलं की यादी येते, पोस्टग्रेसला इन्फर्मेशन स्कीमा आहे, इथं शो टेबल्स दिलं तर म्हणतंय इनव्हॅलिड एसक्यूएल स्टेटमेंट, सिलेक्ट नाहीतर इन्सर्ट नाहीतर अपडेट असलं काहीतरी द्या. मग नेटवर वाचून एमसिसऑब्जेक्ट्स नावाच्या टेबलावर सिलेक्ट मारला तर एरर आला की रेकॉर्ड वाचता येत नाहीत, एमसिसऑब्जेक्ट्सवर रीड परमिशन नाही. फाइल मीच कॉपी केलेली, लॅपटॉप माझा, पासवर्ड कुठं नाही, मग परमिशन कुणाची पाहिजे? दोन दिवस ह्यातच गेले.

(फोनवरनं मराठी कीबोर्डनं लिहायलोय म्हणून कमांड पण देवनागरीत आहेत, तुम्ही पण तसंच लिहिलं तरी मला कळेल, टाइप करताना मी स्पेलिंग घालतो.)

शिरोली_एमआयडीसी
भावा, क्वेरी बरोबर आहे, जागा चुकल्या. ती क्वेरी अ‍ॅक्सेसच्या आत बसून चालवायची असते. आमच्या फाउंड्रीत हीटचं रेकॉर्ड अजून अ‍ॅक्सेसमध्येच आहे त्यामुळं हे रोजचं काम. ज्या मशीनवर पूर्ण अ‍ॅक्सेस आहे तिथं फाइलची कॉपी ने, मूळ फाइल नको, आणि उघडताना शिफ्ट दाबून धर म्हणजे सुरुवातीचा फॉर्म आणि ऑटोएक्झेक मॅक्रो चालत नाही, सरळ आत जातोस. मग नवीन क्वेरी, एसक्यूएल व्ह्यू, आणि लिही: सिलेक्ट नेम, टाइप फ्रॉम एमसिसऑब्जेक्ट्स व्हेअर टाइप इन (१, ४, ६) ऑर्डर बाय नेम.

१ म्हणजे फाइलच्या आतलं खरं टेबल. ६ म्हणजे दुसऱ्या फाइलमधनं लिंक केलेलं, दुसरी एमडीबी असेल नाहीतर एक्सेल. ४ म्हणजे ओडीबीसीनं (बाहेरनं डेटाबेसला जोडायची एक पद्धत) लिंक केलेलं, म्हणजे मागं एसक्यूएल सर्व्हर वगैरे काहीतरी आहे. क्वेरी ५ नंबरवर असतात, फॉर्म वजा ३२७६८ वर, ते तुला नकोत. एमसिस नावानं सुरू होणारी टेबलं अ‍ॅक्सेसची स्वतःची असतात ती सोडून दे, आणि टिल्ड चिन्हानं सुरू होणारं काही दिसलं तर ते तात्पुरतं किंवा डिलीट झालेलं असतं, ते पण सोड. काहीजण फ्लॅग्ज बरोबर शून्य अशी अट घालतात, ती नको घालू, कुणी टेबल हाइड करून ठेवलं असेल तर ते यादीतनं निसटतं आणि आपल्याला पत्ता पण लागत नाही.

एक खोच आहे, तिथं माझा अख्खा दिवस गेला होता. अ‍ॅक्सेसच्या आत लाइकला चांदणी लागते, म्हणजे एमसिस आणि पुढं चांदणी. तीच क्वेरी बाहेरनं ओडीबीसीनं मारली की चांदणी चालत नाही, टक्केचं चिन्ह लागतं. एरर काही येत नाही, नुसतं उत्तर चुकीचं येतं. त्यापेक्षा लेफ्ट फंक्शननं नावाची पहिली चार अक्षरं काढून तपास, ते दोन्हीकडं सारखं चालतं.

आणि अ‍ॅक्सेसच्या आत असशील तर त्याच क्वेरीत डीकाउंट लाव, टेबलाचं नाव चौकोनी कंसात घालून, म्हणजे प्रत्येक टेबलापुढं रेकॉर्ड किती ते पण येतं. कुठलं टेबल महत्त्वाचं आणि कुठलं कुणीतरी ट्रायल म्हणून केलेलं हे त्या आकड्यावरनंच कळतं.

भोगावतीकाठ
दादा थँक्यू, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. पण संस्थेच्या पीसीवर पण अ‍ॅक्सेस नाही, रनटाइम आहे फक्त (तयार प्रोग्राम चालवायपुरतं), आणि गावात कुणाकडं असेल असं वाटत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये पेनड्राइव्ह लावायला बंदी आहे. एका ठिकाणी असं वाचलं की ग्रँट सिलेक्ट देऊन अ‍ॅडमिनला परमिशन देता येते, ती बाहेरनं देता येईल का? का हे सोडूनच देऊ आणि व्हीबीच्या स्क्रीन बघून टेबलांची नावं अंदाजानं मारत बसू?

राजारामपुरी_सहावी_गल्ली
अंदाजानं नको मारू. आणि ग्रँटच्या पण नादाला लागू नकोस, सांगते का ते.

एमसिसऑब्जेक्ट्स हे जेट इंजिनचं, म्हणजे अ‍ॅक्सेसच्या मागच्या डेटाबेस इंजिनचं, घरातलं टेबल आहे. अ‍ॅक्सेस उघडून आत बसलेल्याला ते दिसतं, पण ओडीबीसी किंवा ओएलईडीबीनं बाहेरनं आलेल्याला ते वाचायची परवानगी मुळातच दिलेली नसते. विंडोजच्या परमिशनचा किंवा फाइल कुणाची आहे त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. एमडीबीच्या काळात डेटाबेसच्या आतच युजर आणि ग्रुप असायचे, आपण लॉगिन न करता आलो की अ‍ॅडमिन नावाच्या युजरनं आलो असं धरतात, आणि त्या अ‍ॅडमिनला ह्या टेबलावर हक्क नाही, एवढंच तुझा एरर सांगतोय. २००७ ला एसीसीडीबी फॉरमॅट आला तेव्हा नवीन फॉरमॅटमधनं ती युजरची भानगड काढून टाकली. ग्रँट सहसा अ‍ॅक्सेसच्या आतनं देतात, जे तुझ्याकडं नाही, आणि कसंही दिलंस तरी संस्थेच्या हिशेबाच्या फाइलमध्ये बदल केल्यासारखं होतं. शिवाय त्या टेबलाच्या रचनेची कुणी हमी दिलेली नाही, आज जे आकडे आहेत ते माणसांनी वापरून वापरून शोधलेले आहेत.

टेबलांची यादी पाहिजे तर ती ड्रायव्हरला मागायची, सिस्टिम टेबलाला नाही. ड्रायव्हरचं ते कामच आहे. पायओडीबीसीमध्ये कनेक्शन उघड, कर्सर घे, आणि कर्सर डॉट टेबल्स हे फंक्शन बोलव, त्याला टेबलटाइप म्हणून टेबल हा शब्द दे. प्रत्येक ओळीत टेबल_नेम आणि टेबल_टाइप मिळतं. परमिशनचा प्रश्न येत नाही. डॉटनेटमध्ये हेच काम गेटस्कीमा करतं, व्हीबीमध्ये एडीओचं ओपनस्कीमा, सगळीकडं वाट एकच आहे.

एक सांभाळ. नावं आधी एका लिस्टमध्ये गोळा करून घे आणि मग सिलेक्ट चालव. लूप फिरत असताना त्याच कर्सरवर दुसरी क्वेरी मारलीस की पहिली यादी तिथंच तुटते, आणि मग वाटतं की फाइलमध्ये एकच टेबल आहे. माझ्याकडं काम शिकायला आलेल्या जवळपास प्रत्येकाचं हे एकदा तरी झालंय. टेबलाच्या नावाला कायम चौकोनी कंस लाव, जुन्या लोकांनी नावात स्पेस टाकलेल्या असतात आणि कॉलमला सरळ डेट असं नाव दिलेलं असतं, तो राखीव शब्द आहे.

आणि उद्या संस्थेच्या पीसीवर हेच चालवायला गेलास आणि ड्रायव्हरच सापडत नाही असा एरर आला तर घाबरू नको, पायथॉन ६४ बिटचं आणि ड्रायव्हर ३२ बिटचा असेल. दोन्ही एकाच जातीचे लागतात. जुना जेटचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटमध्येच आहे. पायओडीबीसी डॉट ड्रायव्हर्स बोलवलंस तर तुझ्या पायथॉनला कुठले ड्रायव्हर दिसतात ते कळेल.

पंचगंगा_घाट
लिनक्स असेल तर एमडीबीटूल्स नावाचं पॅकेज टाक, फुकट आहे. त्यात एमडीबी-टेबल्स कमांडला मायनस वन देऊन फाइलचं नाव दिलं की एका ओळीला एक टेबल अशी यादी येते, एमडीबी-एक्सपोर्टनं सीएसव्ही निघतं, एमडीबी-स्कीमा तर पोस्टग्रेसचं क्रिएट टेबल पण लिहून देतं. आणि सगळ्यात आधी एमडीबी-व्हर चालवून बघ. जेट३ आलं तर फाइल अ‍ॅक्सेस ९७ च्या काळातली, ती २०१३ पासनं पुढचं अ‍ॅक्सेस उघडत नाही. जेट४ आलं तर २००० नंतरची, काळजी नाही. तुझं कनेक्ट होतंय म्हणजे बहुतेक जेट४ असणार, पण बाकी कुणी हा धागा वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगून ठेवतो.

भोगावतीकाठ
ताई, यादी आली!! रात्री साडेअकराला आली, पप्पांना उठवून दाखवली. एकूण अकरा टेबलं. सभासद मास्टर आहे, गावातल्या गल्ल्यांचं एक आहे, पशुखाद्याचं आहे, दरपत्रकाची दोन आहेत, एक गायीचं एक म्हशीचं, त्यात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) प्रमाणं दर दिलेत. कपातीचं आहे, अ‍ॅडव्हान्सचं आहे.

पण दूध संकलनाचं टेबलच नाही. म्हणजे रोज सकाळ संध्याकाळ कुणी किती लिटर घातलं, फॅट किती लागलं, जे खरं पाहिजे तेच नाही. पप्पा म्हणतात असं कसं होईल, आज सकाळी पण त्यावर पावत्या निघाल्यात, मागच्या महिन्याचं बिल पण त्यावरच निघालं. दहा दहा दिवसांचं बिल निघतं त्याचं पण टेबल दिसत नाही. मी तीन वेळा चालवून बघितलं, अकराच येतात. फाइल खराब झाली असेल का? कॉम्पॅक्ट रिपेअर करू का?

राजारामपुरी_सहावी_गल्ली
काही करू नको, फाइल चांगली आहे. चूक माझी आहे, मी तुला फक्त टेबल हा टाइप दे म्हणाले. ओडीबीसी ड्रायव्हर लिंक केलेल्या टेबलांना टेबल म्हणतच नाही, त्यांना सिनोनिम म्हणतो. ओएलईडीबीमधनं गेलास तर त्यांनाच लिंक म्हणतो, आणि ओडीबीसीनं जोडलेली असतील तर पास-थ्रू. शिरोलीवाल्यांनी वर १, ४, ६ असे तीन आकडे सांगितले होते ते ह्यासाठीच, मी त्यातला एकच उचलून तुला दिला.

आता टेबलटाइप न देता तेच फंक्शन बोलव आणि टाइपसकट सगळं छापून बघ. सिस्टिम टेबल म्हणून काही येतील ती सोड. सिनोनिम म्हणून जे येईल त्यात तुझं संकलन सापडेल असं मला वाटतंय.

पण नाव सापडलं तरी डेटा त्या फाइलमध्ये नाही हे लक्षात घे. तिथं फक्त पत्ता आहे. त्यावर सिलेक्ट मारलास तर तुझ्या लॅपटॉपवर फाइल सापडत नाही असा एरर येईल, कारण पत्ता संस्थेच्या पीसीचा आहे. तो पत्ता वाचायला ओडीबीसी कामाचं नाही, डीएओ वापर, अ‍ॅक्सेसची फाइल कोडमधनं उघडायची ती लायब्ररी. अ‍ॅक्सेस डेटाबेस इंजिन टाकलंयस म्हणजे डीएओ तुझ्याकडं आहेच. पायथॉनमध्ये विन३२कॉम घे, त्यातनं डीएओ डॉट डीबीइंजिन डॉट १२० डिस्पॅच कर, ओपनडेटाबेसनं फाइल उघड आणि टेबलडेफ्स वर लूप फिरव. प्रत्येक टेबलडेफचं नेम, कनेक्ट आणि सोर्सटेबलनेम छाप. आतल्या टेबलाचं कनेक्ट रिकामं असतं. लिंक असेल तर त्यात डेटाबेस बरोबर म्हणून पूर्ण पाथ लिहिलेला दिसेल, आणि सोर्सटेबलनेममध्ये तिकडं त्या टेबलाला काय म्हणतात ते. दोन्ही नावं एकच असतील असं नाही. रेकॉर्डकाउंट बघायला जाशील तर लिंकच्या टेबलांना वजा एक येईल, त्याचा अर्थ रेकॉर्ड नाहीत असा घेऊ नकोस, लिंकला ते मोजतच नाही.

खरं सांगू का, इम्पोर्टच्या कामात कोड लिहायला वेळ लागत नाही. काय काय आणायचंय हे नक्की करायला लागतो. यादी अर्धी असली की इम्पोर्ट बिनबोभाट पूर्ण होतं, एरर एक पण येत नाही, आणि चार महिन्यांनी एखादी म्हातारी संस्थेच्या दारात येऊन माझं दूध कुठं गेलं म्हणून विचारते. तुला अकरा टेबलं मिळाल्यावर तू थांबला नाहीस आणि संकलन कुठाय म्हणून विचारलंस, हे फार बरं केलंस.

भोगावतीकाठ
ताई चूक वगैरे म्हणू नका, तुम्ही नसता तर मी अजून परमिशनच शोधत असतो.

सिनोनिम म्हणून तीन आली, संकलन, बिल आणि खाते उतारा. डीएओनं पत्ता काढला तर तिन्ही डी ड्राइव्हवरच्या एका फाइलकडं जातात आणि त्या फाइलच्या नावात चालू आर्थिक वर्ष आहे. लगेच गाडी काढून संस्थेत गेलो आणि तो फोल्डर उघडला तर प्रत्येक वर्षाची वेगळी एमडीबी! २०११-१२ पासनं सगळ्या आहेत. पप्पांना विचारलं तर म्हणाले हो, दर एक एप्रिलला वर्ष बदला म्हणून बटण दाबतो ना. म्हणजे ते बटण नवीन फाइल तयार करून लिंक तिकडं फिरवतंय, आणि मी आतापर्यंत पेनड्राइव्हवर फक्त मुख्य फाइल घेऊन फिरत होतो.

आता सगळ्या फाइलींवर एकच लूप चालवायचा ना? प्रत्येक फाइलची यादी काढायची, तीन टेबलं घ्यायची, वर्षाचा एक कॉलम लावायचा आणि खाली खाली जोडत जायचं?

शिरोली_एमआयडीसी
लूप बरोबर, पण सरळ जोडत नको जाऊ. मधेच कधीतरी सॉफ्टवेअरला अपडेट आलं असणार आणि कॉलम वाढला असणार. आधी प्रत्येक फाइलमधल्या प्रत्येक टेबलाचे कॉलम आणि त्यांचे टाइप काढ आणि एकमेकांशी लावून बघ, कुठल्या वर्षी काय बदललं ते कळेल. पोस्टग्रेसमध्ये आधी एक कच्चं टेबल कर, सगळे कॉलम टेक्स्ट, त्यात जसंच्या तसं ओत, मग त्यातनं पक्क्यात ने. सभासद आधी, संकलन नंतर, नाहीतर फॉरेन की (संकलनातला नंबर सभासदात असलाच पाहिजे ही अट) अडवणार.

तीन गोष्टी हमखास चावतात. पहिली, वेळ. अ‍ॅक्सेसमध्ये नुसती वेळ ठेवलेला कॉलम असला की त्याला तारीख चिकटून येते ३० डिसेंबर १८९९, कारण त्यांची तारीख मोजायची सुरुवातच तिथनं आहे. बघून दचकू नको, तारीख काढून टाक आणि वेळ ठेव. दुसरी, हो-नाहीचा कॉलम, तिथं हो म्हणजे वजा एक असतं, एक नाही. बरोबर एक अशी अट घातलीस तर सगळे सभासद बंद दिसतील.

तिसरी तुझ्या कामात सगळ्यात महत्त्वाची. फॅटचा कॉलम सिंगल टाइपचा असेल तर ६.४ चं ६.४००००००९५ असं काहीतरी होऊन येणार आणि ४.२ चं ४.१९९९९९८. दरपत्रक पॉइंट एक फॅटवर बदलतं ना? मग खालच्या बाजूला तुटलं की माणसाला खालचा दर लागतो. एक दशांशाला राउंड करूनच न्युमेरिकमध्ये टाक, फ्लोट पोस्टग्रेसमध्ये ठेवूच नको.

नावांचं काय झालं? युनिकोडमध्ये आहेत का?

भोगावतीकाठ
नाही ना दादा. नावं बघितली तर इंग्रजी अक्षरं आणि कसली कसली चिन्हं आहेत. मला वाटलं एन्कोडिंगचा घोळ आहे म्हणून यूटीएफ वगैरे सगळं करून बघितलं.

राजारामपुरी_सहावी_गल्ली
एन्कोडिंग नाही, फाँट आहे. त्या काळात मराठी लिहायला श्रीलिपी, कृतीदेव असले फाँट असायचे, त्यात फाइलमध्ये इंग्रजीच अक्षर साठवलं जातं आणि फाँट त्याच्या जागी मराठी आकार दाखवतो. कितीही डीकोड केलंस तरी काही होणार नाही, फाँट कुठला ते शोधून त्याचाच कन्व्हर्टर लावावा लागतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये किंवा त्या पीसीच्या फाँट्समध्ये बघ, नाव तिथं असतं. पहिल्या वेलांटीची आणि रफाराची नावं आधी तपास, तिथंच सगळे कन्व्हर्टर घसरतात. आणि मूळ कॉलम टाकून देऊ नकोस, नव्या टेबलात शेजारी ठेव. सभासद नंबरावरनं सगळं जुळतंय तोपर्यंत नाव दोन दिवस उशिरा सुधारलं तरी बिघडत नाही.

वहीवाले_काका
पोरा, मला ते पायथॉन समजत नाही, पण मी एकोणतीस वर्षं एका दूध संस्थेत सचिव होतो, आमची कागल तालुक्यात. आमच्याकडं वहीवरनं कॉम्प्युटरवर गेलो तेव्हा आणि एका कॉम्प्युटरवरनं दुसऱ्यावर गेलो तेव्हा दोन्ही वेळा मी जे केलं ते सांगतो. कॉम्प्युटरनं किती ओळी आल्या म्हणून सांगितलं त्यावर जाऊ नकोस. प्रत्येक दहा दिवसाच्या बिलाची एकूण लिटरची बेरीज काढ, गाय वेगळी म्हैस वेगळी, आणि वडलांच्याकडं जे छापील बिलाचे गोषवारे असतील त्याच्या शेजारी धर. महिन्यात तीन बिलं, वर्षात छत्तीस, म्हणजे गाय-म्हैस मिळून बहात्तर आकडे. तेवढे जुळले की बाकीचं जुळतंच. एखादा जुळला नाही तर त्या दहा दिवसांतच शोधायचं, सगळ्या वर्षात नाही.

आणि प्रत्येक वर्षाच्या फाइलमध्ये पहिली तारीख कुठली आणि शेवटची कुठली ते आधी बघ. एक एप्रिल आणि एकतीस मार्च आली पाहिजे. ऑडिटर पण हेच पहिलं विचारतो.

भोगावतीकाठ
काका, तुमचं ऐकून आधी फक्त पहिली आणि शेवटची तारीख काढली, मिन आणि मॅक्स, प्रत्येक फाइलची. चालू वर्ष सोडून सगळ्या वर्षांची एक एप्रिल ते एकतीस मार्च बरोबर आली, फक्त २०१९-२० च्या फाइलची पहिली तारीख आली २१ ऑगस्ट २०१९.

पप्पांना नुसती तारीख सांगितली आणि त्यांना लगेच कळलं. त्या ऑगस्टच्या पुरात संस्थेत छातीएवढं पाणी होतं, पीसी वर टेबलावर ठेवलेला तो पण भिजला, आणि बॅकअपची सीडी मार्चअखेरची होती. नवीन पीसी आल्यावर २१ तारखेच्या बिलापासनं सुरू केलं आणि मधले महिने तसेच राहिले. सॉफ्टवेअरनं कधी विचारलं नाही त्यामुळं कुणाच्या लक्षात पण नव्हतं. मी सरळ इम्पोर्ट केलं असतं तर माझ्या पण लक्षात आलं नसतं, ओळी तर भरपूर आल्या होत्या.

बाकीच्या वर्षांचे दहा दहा दिवसांचे आकडे जुळवले. दोन ठिकाणी फरक आला, एका ठिकाणी मी फॅट राउंड करताना चुकीच्या कॉलमला लावलं होतं ते सापडलं, दुसऱ्या ठिकाणी एक सभासद नंबर दोन माणसांना दिलेला होता, जुना बंद झालेला आणि नवा, तो पप्पांनी ओळखला. फाँट सापडला, नावं निम्मी सुधारलीत, रफाराचा त्रास ताईंनी सांगितला तसाच आहे.

काका एक विचारायचं होतं. एप्रिल ते ऑगस्ट १९ च्या संकलनाच्या वह्या आहेत, त्या पुरात वाचल्या कारण आईनं आदल्या रात्री कपाटातनं काढून माळ्यावर ठेवल्या होत्या. पण पुराच्या दिवसांची पानं कोरी आहेत, दुधाची गाडीच येत नव्हती. ते दिवस शून्य लिटर म्हणून भरायचे का सोडून द्यायचे?

वहीवाले_काका
सोडून दे. शून्य भरलंस तर त्याचा अर्थ सभासद आला नाही असा होतो, आणि तो आला होता, संस्था बंद होती. सरासरी काढताना पण शून्यानं घोळ होतो. संस्था बंद असलेल्या दिवसांची वेगळी यादी ठेव आणि शेऱ्यात पूर म्हणून लिही. त्या वेळच्या प्रोसिडिंग बुकात तसा ठराव असेल, वडलांना बघायला सांग, ठराव नंबर पण शेऱ्यात घाल.

भोगावतीकाठ
ठराव सापडला, नंबर घातला. आजपासनं संध्याकाळी आई वही वाचायला बसते आणि मी टाइप करतो, एप्रिलचं पहिलं बिल झालं, बेरीज वहीशी जुळली. ताई, बंद दिवसांचं टेबल मी यादीत पंधरावं म्हणून जोडलंय, त्याला फॉरेन की कशाला लावायची का नको?

राजारामपुरी_सहावी_गल्ली
नको, ते सभासदाशी जोडलेलं नाही. तारीख हीच प्रायमरी की ठेव, आणि सकाळ-संध्याकाळ वेगळं असेल तर दोन्ही मिळून.